मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एक, वेळा अनेक

मुंबई विमानतळापासून न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ किती लांब आहे, असं संगणकाला विचारलं की उत्तर लगेच येतं: सुमारे १२,५५० किलोमीटर. त्याखालीच प्रवासाला लागणारा वेळही दिलेला असतो. तो काढायची रीत सोपी आहे. विमानाचा सरासरी वेग ताशी साडेआठशे किलोमीटर धरायचा, अंतराला त्याने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर मिळवायचा. उत्तर सव्वापंधरा तास येतं. प्रत्यक्षात मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान सोळा तासांच्या आसपास घेतं आणि तिकडून येणारं साधारण चौदा. म्हणजे हा हिशेब जाताना जुळत नाही आणि येतानाही जुळत नाही. अंतर चोख असूनही वेळ का चुकतो, याचा शोध घ्यायला लागलं की वारा, इंधन, देशांची भांडणं आणि घड्याळं अशा सगळ्या गोष्टी एकेक करून पुढे येतात. मुलाबाळांना भेटायला दर वर्षी न्यू जर्सीची वाट धरणाऱ्या हजारो मराठी घरांना हा प्रवास ओळखीचा आहे, म्हणून उदाहरणाला हाच मार्ग घेतो.

आधी अंतराचं बघू. भिंतीवरच्या सपाट नकाशात या दोन शहरांना पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांच्यावरून जाते. पण ती सगळ्यात जवळची वाट नव्हे. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये एक दोरा ताणून बघावा. तो मुंबईहून निघताच उत्तरेकडे वळतो. क्वेट्टा आणि कंदाहारच्या बाजूने तुर्कमेनिस्तानात शिरतो, कझाकस्तानचा पश्चिम भाग ओलांडतो, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून आणि सेंट पीटर्सबर्गच्या शेजारून जातो, मग स्वीडन, नॉर्वे, आइसलँड. तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करून कॅनडाच्या लॅब्राडोरवरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. मुंबई १९ अक्षांशावर आणि न्यूयॉर्क ४१ च्या जरा खाली, पण वाटेत हा दोरा पासष्टाव्या अक्षांशाच्या अगदी जवळ पोहोचतो. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारा काप घेतला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यात छोटी वाट नेहमी अशाच वर्तुळावर असते. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे: विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. त्यामुळे निरनिराळ्या सूत्रांनी काढलेल्या अंतरात दहा-वीस किलोमीटरचा फरक पडतो, तेवढाच. अंतराबद्दल वाद नाही.

या दोऱ्याखाली येणारी नावं मात्र लक्षात ठेवावीत. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. पुढची बरीचशी गोष्ट त्यांच्याचभोवती फिरते.

हेच अंतर पूर्वी किती वेळात कापलं जायचं, तेही एकदा बघून घेऊ. आनंदीबाई जोशी १८८३ साली ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळपास दोन महिने, त्यातला बराचसा काळ समुद्रावर, पती सोबत नसताना. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा वाटेत कैरो आणि जिनिव्हा असे थांबे होते. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमानांनी एअर इंडियाची सेवा न्यूयॉर्कपर्यंत गेली, तीही वाटेत थांबत थांबत. कुठेही न उतरता मुंबईहून थेट न्यूयॉर्क गाठणारी एअर इंडियाची सेवा ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाली, बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या आवृत्तीमुळे.

यात एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. १९६० नंतर विमानाचा वेग वाढलेलाच नाही. ७०७ ज्या वेगाने उडायचं, जवळपास त्याच वेगाने आजचं ७७७ उडतं: ध्वनीच्या वेगाच्या ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के. त्याहून वर गेलं की पंखांवरच्या हवेत धक्का-लहरी तयार होतात, हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. काँकॉर्डने १९७६ ते २००३ या काळात ती मर्यादा ओलांडली खरी, पण त्याची उडी लंडन–न्यूयॉर्कच्या फार पुढे जाणारी नव्हती. गेल्या साठ वर्षांत प्रवासाचा वेळ कमी झाला तो थांबे गळून पडल्यामुळे. म्हणूनच एखादा थांबा परत आला की आपण थेट जुन्या काळात जाऊन पडतो, आणि अलीकडे नेमकं तेच झालं. त्याकडे येतोच.

त्याआधी वारा. जाण्यायेण्यातला दोन तासांचा फरक मुख्यतः त्याचा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे बरोबर विमानं उडतात त्या थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातो. जपानच्या तातेनो वेधशाळेतले हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांचं मोजमाप केलं होतं. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्परांतो या भाषेत छापला, आणि बाहेर तो जवळजवळ कोणी वाचलाच नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून जाऊ लागली, तेव्हा या वाऱ्यांनी त्यांचे नेम चुकवले. तेव्हा कुठे बाकीच्यांना त्यांची दखल घ्यावी लागली. इतक्या मोलाचं काम वीस वर्षं कपाटात पडून राहावं, याची आजही हळहळ वाटते.

वारा काय करू शकतो, याचं ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. सिआरा नावाच्या वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. भोवतालच्या हवेच्या हिशेबाने ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं, फक्त ती हवाच पुढे धावत होती.

जाताना वारा जे घेतो ते येताना परत देतो, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही, हे साध्या आकडेमोडीतून दिसतं. समजा विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १०० किलोमीटर. वाऱ्याविरुद्ध १२,५५० किलोमीटर जायला १५ तास ४१ मिनिटं लागतात, वाऱ्याबरोबर १२ तास ३३ मिनिटं. दोन्ही मिळून २८ तास १४ मिनिटं. वारा मुळीच नसता तर जाऊन-येऊन २७ तास ५३ मिनिटांत झालं असतं. वीसेक मिनिटं गेली ती गेलीच, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त काळ अडकून राहतं. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाचे पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये याच गणिताचा पुढचा टप्पा मांडला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर अटलांटिकवरचे हे वारे आणखी जोर धरतील, आणि तिथून ये-जा करणाऱ्या विमानांना सगळी मिळून वर्षाला सुमारे दोन हजार तास जास्त उडावं लागेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

वारा पाठीशी असेल तर लांबची वाट लवकर पोहोचवते, हे एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दाखवून दिलं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकच्या बाजूने जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. मग कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून न्यायला सुरुवात केली. ही वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी पहिलं विमान साडेचौदा तासांत पोहोचलं. अटलांटिकच्या वाटेने जाण्यापेक्षा दोन तासांहून जास्त वेळ वाचला. अंतराला वेगाने भागून वेळ काढणाऱ्या सगळ्या कोष्टकांना हे एक उदाहरण पुरेसं आहे. मुंबई–न्यूयॉर्कला मात्र ही युक्ती चालत नाही. पूर्वेकडून फेरा फारच मोठा पडतो, त्यामुळे जाताना वारा अंगावर घ्यावाच लागतो.

आता त्या दोऱ्याखालच्या नावांकडे वळतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रश्नातला हा सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग आहे. १९४४ च्या शिकागो कराराने हे मान्य केलं की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण सत्ता आहे. म्हणजे आकाशात रस्ता आहे, पण तो दुसऱ्याच्या अंगणातून जातो. अंगणाचं भाडं द्यावं लागतं, आणि मालकाने फाटक लावलं तर वळसा घालावा लागतो. शीतयुद्धात सोव्हिएत संघाचं आकाश बंद असल्यामुळे युरोपातून टोकियोला जाणारी विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून जायची. फिनएअरने १९८३ मध्ये उत्तर ध्रुवावरून हेलसिंकी–टोकियो न थांबता जायला सुरुवात केली. पुढे रशियाचं आकाश उघडलं आणि तोच प्रवास साडेनऊ तासांवर आला. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर ते युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं, आणि मार्चमध्ये फिनएअर परत ध्रुवावरून जाऊ लागली. वेळ तेरा तास. विमान नवं, शहरं तीच, अंतर तेच, आणि वेळ साडेतीन तासांनी वाढलेला.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने नेवार्क–मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली या सेवा थांबवल्या, कारण रशियावरून जाता येईना. एअर इंडियाला रशियाचं आकाश खुलं राहिलं. जून २०२३ मध्ये या सोयीची दुसरी बाजूही दिसली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडे मगदान नावाच्या गावी उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी तिथे शाळेच्या इमारतीत आणि वसतिगृहात गाद्या टाकून राहिले. मुंबईहून दुसरं विमान पाठवून त्यांना पुढे नेण्यात आलं. जवळची वाट निवडताना वाटेत उतरायची जागा कशी आहे, हेही बघावं लागतं.

पाकिस्तानचं आकाश बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत बंद होतं. या साडेचार महिन्यांत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं आणि बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना पुन्हा व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. ही बंदी वर्षभर राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा जादा खर्च येईल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळवला. थांबे गळून पडल्याने जो वेळ आपण कमावला होता, तो असा परत गेला.

इथे दिल्ली आणि मुंबईत मोठा फरक आहे. दिल्लीहून पश्चिमेला निघालं की पाऊण तासाच्या आत पाकिस्तानची हद्द लागते. ती बंद असली की विमानाला आधी दक्षिणेला गुजरातकडे खाली यावं लागतं आणि मग अरबी समुद्रावरून वळावं लागतं. हा वळसा प्रवासाच्या सुरुवातीलाच आणि काटकोनात बसतो, म्हणून महाग पडतो. मुंबईला समुद्र दारातच आहे. धावपट्टी सोडली की विमान ओमान, सौदी अरेबियाच्या रोखाने निघू शकतं, आणि हा वळसा लांबच्या वाटेवर पसरून जातो. पण त्या बाजूलाही भरवसा नाही. १३ जून २०२५ ला इस्रायल-इराण संघर्ष पेटला आणि इराण, इराकचं आकाश एकाएकी बंद झालं. मुंबईहून लंडनला आणि न्यूयॉर्कला निघालेली विमानं अर्ध्या वाटेतून मुंबईला परतली. न्यूयॉर्कहून मुंबईला येणारं विमान जेद्दाला उतरवावं लागलं. काही तास आकाशात घालवून पुन्हा मुंबईच्या सहार विमानतळावरच उतरलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने त्या दिवशी हे अंतर किती होतं?

वळसा पसरला की स्वस्त पडतो, असं म्हटलं, त्याचा एक आश्चर्य वाटावा असा पुरावा आहे. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५५०. बेरीज १२,७५०. थेट अंतराहून फक्त दोनशे किलोमीटर जास्त, आणि लंडन तर त्या दोऱ्यापासून दीडेक हजार किलोमीटर दक्षिणेला आहे. फ्रँकफर्टमार्गे गेलं तरी बेरीज जवळपास तेवढीच. दुबईमार्गे मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२०, म्हणजे १२,९५० किलोमीटर. चारशेचा फरक. आखाती कंपन्यांनी भारत-अमेरिका वाहतुकीत एवढा जम बसवला, त्याला पैसा आणि सेवा कारणीभूत आहेच, पण ही भूमितीही कारणीभूत आहे. त्यांचं ठाणं वाटेतच आहे. एका थांब्याच्या प्रवासाला वीस-बावीस तास लागतात ते अंतरामुळे नाही. एकदा उतरणं, पुन्हा चढणं आणि मधली तीन-चार तासांची वाट पाहणं यात ते जातात.

मग सगळेच थेट का जात नाहीत? इंधन. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाच्या टाक्यांत १,८१,००० लिटरहून जास्त इंधन मावतं, म्हणजे सुमारे १४५ टन. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ३५१ टन. भरल्या विमानाचा चाळीस टक्के भार निव्वळ इंधनाचा. आणि पंधराव्या तासाला लागणारं इंधन पहिले चौदा तास वाहून न्यावं लागतं, ते वाहून नेण्यातच त्याचा मोठा हिस्सा जळून जातो. म्हणून फार लांबच्या थेट उड्डाणाला दर किलोमीटरमागे जास्त इंधन लागतं. हिवाळ्यात समोरचा वारा फार असला की कंपन्यांना माल कमी घ्यावा लागतो, कधी काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात.

उत्तरेकडच्या वाटेवर आणखी एक अडचण येते. विमानाचं इंधन, ज्याला जेट ए-१ म्हणतात, उणे ४७ अंशांना गोठू लागतं. ध्रुवाजवळ बाहेरचं तापमान उणे साठ-सत्तरपर्यंत उतरू शकतं, तेव्हा वैमानिक टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर नजर ठेवून असतात आणि गरज पडली तर खाली उबदार थरात येतात किंवा वेग वाढवतात. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सर्व महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू हे सुमारे १४,००० किलोमीटरचं उड्डाण उत्तर ध्रुवाच्या वाटेने सतरा तासांत केलं. त्यांचं कौतुक पुष्कळ झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्या वाटेवरची खरी कामगिरी तपशिलात असते: इंधनाचं तापमान, संपर्काची साधनं, आणि एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ.

आता घड्याळाकडे येऊ, कारण सामान्य प्रवासी इथेच गोंधळतो. समजा हिवाळ्यात विमान मुंबईहून रात्री २ वाजता सुटतं आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसातला पोहोचतं. तिकीट बघून वाटतं, साडेपाच तासांचा प्रवास. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. साडेपाचात साडेदहा मिळवले की खरे सोळा तास निघतात. परतीला सकाळी ११ ला सुटलेलं विमान दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबईत. दिसतात साडेचोवीस तास, असतात चौदा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेनऊवर येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो पुन्हा साडेदहा होतो. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, हे कुठे ठळक छापलेलं नसतं. अमेरिकेला पहिल्यांदाच निघालेल्या साठीच्या पुढच्या माणसाने तिकीट हातात घेऊन औषधांच्या वेळा कशा लावायच्या? रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी किती तासांनी घ्यायची हे विचारायला लोक डॉक्टरांकडे जातात, आणि डॉक्टर विचारतात, प्रवास नक्की किती तासांचा? त्या एका प्रश्नाचं उत्तर कागदावर तासांत हवं.

वेळापत्रकातला वेळही निव्वळ उडण्याचा नसतो. विमानाची चाकं अडवणारे ठोकळे काढून ते जागचं हलतं, तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहतं तिथपर्यंतचा तो वेळ. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं आणि रांगेत उभं राहणं हेही आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि तेवढ्यावर हा विमानतळ दिवसाला नऊशेहून जास्त विमानांची ये-जा सांभाळत आला आहे. केनेडी विमानतळावर संध्याकाळच्या गर्दीत तशीच रांग लागते. कंपन्या हा विलंब गृहीत धरून वेळापत्रकात थोडी भर घालतात. म्हणून तासभर उशिरा सुटलेलं विमान कधी कधी वेळेवर पोहोचतं आणि वैमानिकाने वेळ भरून काढला असं आपल्याला वाटतं. त्यातला बराच वेळ आधीच राखून ठेवलेला असतो.

आणखी एक सावधगिरी. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ हे एकच नव्हे. एकाच क्रमांकाचं विमान वाटेत उतरून पुढे जात असेल तरी त्याला डायरेक्ट म्हणता येतं. व्हिएन्नाला इंधन भरणाऱ्या विमानातले प्रवासी आतच बसून राहतात, खिडकीतून टँकर बघतात, आणि प्रवास दीड-दोन तासांनी वाढतो. तिकीट काढताना ‘नॉनस्टॉप आहे का’ असंच विचारावं, आणि सध्या या मार्गावर मध्ये इंधनासाठी उतरतात का, हेही.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब तर कुठलंच यंत्र देत नाही. पुण्याहून रात्री २ चं विमान गाठायचं असेल तर आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचायचं, घाटात आणि सायन-पनवेलला अडकायची धास्ती, म्हणून गाडी संध्याकाळी पाच-सहाला निघते. नाशिककरांचं जवळपास तसंच, कोल्हापूरकर दुपारीच निघतात. मग सोळा तास आकाशात. न्यूयॉर्कला उतरल्यावर व्यवहारात सगळ्यात बेभरवशाचा वेळ इमिग्रेशनचा: कधी अर्धा तास, कधी दोन. व्हीलचेअर मागवलेली ज्येष्ठ मंडळी विमानातून सर्वांत शेवटी बाहेर पडतात आणि मदतनीस येईपर्यंत दारापाशी ओळीने बसून राहतात, हातात पासपोर्ट आणि सुनेने लिहून दिलेला पत्त्याचा कागद. पुढे न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत गाडी. एकूण सव्वीस ते अठ्ठावीस तास. त्यातले उडण्याचे सोळा. शरीराचं घड्याळ त्यानंतर रोज साधारण तासभरच सरकतं, म्हणजे झोप ताळ्यावर यायला आठवडा तरी जातो, आणि पूर्वेकडे परतल्यावर बहुतेकांना त्याहून जास्त.

लांब उडण्याची हौस मात्र थांबलेली नाही. सिंगापूर–न्यूयॉर्क ही १५,३०० किलोमीटरहून लांब सेवा अठरा तासांहून जास्त घेते. क्वांटास सिडनी–लंडन हे सुमारे १७,००० किलोमीटरचं अंतर वीस तासांच्या पुढे जाऊन एका उडीत गाठायची तयारी करते आहे. पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन ठिकाणांत साधारण २०,००० किलोमीटरहून जास्त अंतर असूच शकत नाही, म्हणजे आता फारसं काही उरलेलं नाही. मला यापेक्षा साध्या गोष्टीची आस आहे: तिकिटावर जाण्याचा आणि येण्याचा वेळ तासांत वेगवेगळा छापावा, आकाश बंद असल्यामुळे वळसा किंवा थांबा असेल तर तो तिकीट काढतानाच सांगावा.

आणि जमिनीवरच्या वेळाकडे लक्ष द्यावं. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. न्यूयॉर्कचं अंतर त्याने बदललं नाही. पण तो पनवेलजवळ, द्रुतगती मार्ग संपतो तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथून अमेरिकेची थेट विमानं सुटू लागली, तर पुणे, सातारा, कोल्हापूरच्या प्रवाशांचा शहरातून सहारपर्यंत रखडण्यात जाणारा वेळ वाचेल. इतका वेळ वाचवायला आकाशातल्या विमानाला शेकडो किलोमीटरचा वळसा टाळावा लागतो.